दोनशे बारा ग्रॅम

मुंब्र्याच्या भंगारात ती किलोवर मिळाली,
लष्करातून बाद झालेली, शेवाळी,
एका माणसाने आत शिरून झोपायची पिशवी.
काट्यावर नऊशे ग्रॅम. तीनशे रुपये दिले.
आत कापराचा वास, त्याखाली जुनं रॉकेल,
तोंडाला नुसती नाडी
आणि अस्तरावर शाईचा शिक्का,
ज्यातले शेवटचे दोन आकडे लागत नव्हते.

निरंजन म्हणाला, ही मढ्याची पिशवी आहे.
मी म्हटलं, मढं नाडी आतून ओढत नाही.

महाप्याच्या कारखान्यात मी गोळ्यांमधला ओलावा मोजते,
दशांशचिन्हापुढे तीन घरं.
त्यामुळे वाटायचं, पाणी मला कळतं.

घणसोलीत मढवीकाका स्कूटरची सीटं शिवतात.
पूर्वी होड्यांच्या ताडपत्र्या शिवायचे,
खाडीत जाळ्याला काही लागायचं तेव्हा.
त्यांनी पिशवी उलटी केली,
शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून उजेडाला धरली:
"बाय, सुई जयं जाते, तयं पानी जाते.
चेन लावलीस तं दोनशे भोकां."
लावा, म्हटलं.

चेन लागली, तिच्यावर पाकिटासारखी झाप.
मोडक्या छत्रीच्या दोन काड्या वाकवून
तोंडाशी कमान, म्हणजे कापड नाकाला चिकटणार नाही.
कमानीला मच्छरदाणीचा तुकडा.
खुंट्यांसाठी चार कड्या.
बुडाला, काट्याकुट्यांसाठी,
कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सचा पट्टा:
अर्धी मिशी, एक सोन्याची साखळी
आणि "हार्दिक शु".

मग रविवारभर मी
माशांच्या टाकीला लावतात ते सिलिकॉन
टर्पेंटाइनमध्ये पातळ करून
जुन्या टूथब्रशने एकेका भोकात भरत बसले.
शिक्क्यावरूनही ब्रश फिरला.
उरलेले आकडेही गेले.
थांबले जरा. मग पुढची शिवण घेतली.

श्रावणात एका रात्री गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी,
धो धो चालू असताना चाचणी घेतली.
साडेबाराला वॉचमन सोनटक्क्यांची बॅटरी
माझ्यावर येऊन थरथरली.
"कोण आहे? ... आहे का कोण?"
बी विंग, सहाशे तीन, मी आतून म्हणाले.
ते बराच वेळ तिथेच उभे होते. मग
छत्री माझ्या डोक्याशी टेकवून, भिजत खाली गेले.

साडेतीनला जाग आली ती ओल्या मानेने.
शिवणी चाचपल्या, एक एक. कोरड्या.
चेन कोरडी. बूड कोरडं.
आणि तरी आतून सगळीकडे दव,
कपाळावर ठिबकणारं, कोमट.
बाहेरचा एक थेंब आत आला नव्हता.

सकाळी आतून टॉवेलने पुसलं, डब्यात घट्ट बंद केला,
आणि जेवणाच्या सुट्टीत, तराजूवर,
कुणी बघत नाही असं बघून, ठेवला.
कोऱ्या टॉवेलचं वजन वजा जाता
दोनशे बारा ग्रॅम.
एका रात्रीची मी.
नोंदवहीत लिहायला जागा नव्हती. तळहातावर लिहिलं.

काका हसले नाहीत.
"तू भाईरच्या पान्याचा विचार केलास,
आतल्याला वाट नको?"
कात्रीने त्यांनी पायाशी वीतभर फाडलं,
एवढं सगळं बुजवल्यावर!
तिथे जाळी लावली, वर उलटी झाप.

भाद्रपदात गवळदेवच्या डोंगरावर झोपले.
पाऊस खाडीकडून आडवा येत होता,
खाली ठाणे-बेलापूर रस्त्याचे दिवे विरघळलेले.
चेन चार बोटं उघडी ठेवली.
अधूनमधून एखादा थेंब भुवईवर.
येऊ दे.
पाठीखाली चिखलात अर्धी मिशी.

पहाटे पायाकडची एक कडी उपटली, दोऱ्यासकट.
घणसोलीला परत जावं लागेल.
काका आधी शिवण बघतील, मग माझ्याकडे.